रंगीत पाण्याची फी

‘ताई, नमस्कार. मी मूळची इचलकरंजीची, वय २३, पुण्यात एमबीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कापड रंगवून देणारं आमचं छोटं प्रोसेस हाऊस आहे, पप्पा आणि काका मिळून चालवतात. गेल्या वर्षी मी शाश्वत विकासाचा ऐच्छिक विषय घेतला. खरं सांगायचं तर स्कोअरिंग आहे म्हणून घेतला, आणि तिथूनच सगळं बिनसलं. आता फायनान्सच्या तासाला बसले तरी डोक्यात एकच असतं, की दरवर्षी वाढ झालीच पाहिजे हे आपण गृहीत का धरतो? सर ज्याला ‘बिझनेस ॲज युज्वल’ म्हणतात ते चाललंय तसंच चालू ठेवायला आम्हाला शिकवतायत का? वर्गात विचारलं की मुलं मला ‘ग्रेटा’ म्हणतात, हवामानासाठी आंदोलन करणाऱ्या त्या स्वीडनच्या मुलीवरून. सरांना आधी कौतुक होतं. परवा त्यांनीच बाजूला घेऊन सांगितलं, मुलाखतीत असलं बोलू नकोस, प्लेसमेंट हातची जाईल. दिवाळीला घरी गेले तेव्हा जेवताना मी काळ्या ओढ्याचा विषय काढला, आमच्याकडचं रंगाचं पाणी पंचगंगेत नेणाऱ्या. पप्पा म्हणाले, “कोल्हापूरचा जयंती नाला दिसत न्हाई व्हय तुला? आणि तुझी फी कुठनं भरतोय? त्याच रंगीत पाण्यातनं.” आई ताटावरून उठली. तेव्हापासून फोनवर फक्त ‘जेवलीस का’ एवढंच चालतं. मी ढोंगी आहे का? एमबीए सोडून पर्यावरणशास्त्राला एमएस्सी करू का? कंपन्यांचे शाश्वतता अहवाल लिहून देणाऱ्या एका सल्लागार फर्मची ऑफर आहे, ती घेऊ का? प्रोजेक्टचा विषय महिनाअखेर द्यायचाय आणि मला काही सुचत नाही.’

प्रिय मुली,

‘ग्रेटा’ म्हणून मी हाक मारणार नाही, वर्गातली पोरं मारतात तेवढी पुरे.

तुझ्या पत्रातलं सगळ्यात शहाणं वाक्य तुझं नाही आणि सरांचं तर नाहीच नाही. ते तुझ्या पप्पांचं आहे. रागात बोलले, पण अगदी हिशेबी बोलले. पैसा कुठून येतो आणि नदी कुठे जाते, हे दोन्ही त्यांनी एका ओळीत बसवलं. तुला तो टोमणा वाटला. मला ती जमाखर्चातली नोंद वाटते, कारण माझं निम्मं आयुष्य जमाखर्चातच गेलं.

ढोंगाचं आधी उरकून टाकते. माझं शिक्षण उसाच्या बिलावर झालं. सांगलीकडे आमची तीन एकर, कारखान्याचं बिल आलं की माझी फी जायची. राज्याच्या सिंचनाच्या पाण्यातला सिंहाचा वाटा तो थोड्याशा जमिनीवरचा ऊस पितो, हे मला शिकून-सवरून पंधरा वर्षांनी कळलं. मग मी पदवी परत द्यायची का? कुणाला? तू फी घेतलीस यात ढोंग नाही. माहीत झाल्यावर माहीत नसल्यासारखं वागायला लागलीस तर मग आपण पुन्हा बोलू. ते कसं होतं हे मी अनुभवानं सांगू शकते.

मी बावीस वर्षं एका रासायनिक कारखान्यात कॉस्ट अकाउंट्सला होते. दर महिन्याला किलोमागे वाफ किती, वीज किती, मजुरी किती असा तक्ता काढायचा हे माझं काम. सांडपाण्यावर प्रक्रिया करणाऱ्या केंद्राला, तुम्ही ईटीपी म्हणता त्याला, विजेचा वेगळा मीटर असतो. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्रात तशी अट घातलेली असते आणि ती घालणारा माणूस हुशार असला पाहिजे. ईटीपीत सगळ्यात जास्त वीज खातो तो ब्लोअर, टाकीत हवा सोडणारा. हवा मिळाली तर टाकीतले जिवाणू जगतात, ते जगले तर पाण्यातली घाण खातात. ब्लोअर बंद ठेवला की बिल वाचतं आणि जिवाणू मरतात. म्हणजे ईटीपी खरंच चालतो की नुसता रंगवून ठेवलाय, हे बघायला बाटलीत पाणी भरून प्रयोगशाळेत पाठवायची गरज नाही. मीटर सांगतो.

एका वर्षी पावसाळ्यात आमचं उत्पादन चढत होतं आणि ईटीपीच्या मीटरचे युनिट उतरत होते. मी तक्त्यावर लाल पेन्सिलीनं गोल केला आणि प्लांटच्या साहेबांकडे गेले. ते हसले. ‘मॅडम, तुम्ही हिशेब बघा.’ मी म्हटलं, ‘हिशेबच बघतेय.’ त्यांनी चहा मागवला. पुढच्या महिन्यापासून ईटीपीची वीज ‘इतर खर्च’ या सदरात मिसळून यायला लागली. आणि मी ते सदर तसंच पुढे पाठवत राहिले. घराचे हप्ते होते, मुलगा चौथीत होता. पावसाळाच का, हे तुला विचारावं लागणार नाही. नाल्याला पाणी असतं तेव्हा रंग दिसत नाही.

तुझे सर ज्याला ‘बिझनेस ॲज युज्वल’ म्हणतात तो मी असा पाहिला. कुणी राक्षस नव्हता तिथे. चहा मागवणारा एक सज्जन माणूस होता, ‘इतर’ नावाचं एक सदर होतं आणि गप्प बसलेली मी होते.

आता तुझ्या नदीकडे येऊ. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती अशी पाच नावं घेऊन पंचगंगा निघते, कोल्हापूरवरून, इचलकरंजीवरून जाते आणि नृसिंहवाडीला कृष्णेत मिसळते. एवढ्याशा वाटेवर जयंती नाल्यातून कोल्हापूरचं मैलापाणी येतं, साखर कारखान्यांचं मळीमिश्रित पाणी येतं, गावोगावची गटारं येतात, शेतातलं खत येतं, आणि काळ्या ओढ्यातून तुमचा रंग. प्रत्येकाचं बोट वरच्या अंगाला. इचलकरंजी कोल्हापूरकडे दाखवते, कोल्हापूर कारखान्यांकडे. तेरवाडच्या बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच लागला की सगळ्यात खालच्या शिरोळ तालुक्याकडे तर दाखवायला सगळेच असतात. पप्पांचं जयंती नाल्याचं म्हणणं खोटं नाही, आणि ते खोटं आहे असं सिद्ध करण्यात वेळ घालवू नकोस. पण प्रत्येकाच्या वहीत नदीपुढे शून्य मांडलंय, मग या सगळ्या शून्यांची बेरीज मेलेले मासे कशी येते, एवढं त्यांना विचारता येईल.

बेरीज फक्त माशांपुरती थांबली असंही नाही. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ आली, माणसं दगावली. तू तेव्हा दहा-एक वर्षांची असशील, घरात पाणी उकळून पाजत होते ते आठवत असेल. ती साथ रंगाची नव्हती, पिण्याच्या पाण्यात मैला मिसळण्याची होती. हा फरक तू नीट लक्षात ठेव, नाहीतर पहिल्याच वादात काका तुला गप्प करतील. आणि आज? नदीकाठचं शहर प्यायला दूधगंगेचं पाणी सुळकूडहून मागतंय, आणि कागलकडचे शेतकरी ते द्यायला तयार नाहीत. मोर्चे इकडून, मोर्चे तिकडून. हाताशी असलेली नदी वापरता येईना म्हणून दुसऱ्याच्या नदीवर भांडण, त्याला लागणारी जलवाहिनी, पंपांची वीज, उन्हाळ्यातले टँकर. यातला एक रुपया तरी कुठल्या प्रोसेस हाऊसच्या ताळेबंदात दिसतो का बघ.

एक सांगते, या सगळ्यात गावाबद्दल तुच्छतेनं बोलू नकोस. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी तिथे पहिला यंत्रमाग बसवला, जहागीरदार घोरपड्यांनी पाठीशी उभं राहून धंद्याला जागा करून दिली, आणि कापूस न पिकवणारं गाव लाखावर मागांचं झालं. ते धाडस होतं. तुझ्या आजोबांनी सुताला खळ लावायच्या सायझिंगमध्ये हमाली केली असेल, नाहीतर दोन मागांवर सुरुवात केली असेल, मला माहीत नाही, पण तुला माहीत आहे. जेवणाच्या ताटावर ‘आपला धंदा घाण आहे’ असं ऐकलं की पप्पांना फक्त काळा ओढा ऐकू येत नाही. तो सगळा इतिहास ऐकू येतो.

शिवाय रंगाबद्दल त्यांना तुझ्यापेक्षा आणि माझ्यापेक्षाही दसपट कळतं. लोकांना रंग दिसतो म्हणून लोक रंगावर ओरडतात. जड प्रकरण आहे ते मिठाचं. सुती कापडावर रिॲक्टिव्ह रंग चढवायचा तर पाण्यात भरपूर मीठ घालावं लागतं, आणि तरीही सगळा रंग धाग्याला धरत नाही, उरलेला धुण्यात जातो. त्याच्याही आधी, मागावर ताणा तुटू नये म्हणून सायझिंगला लावलेली खळ धुऊन काढायची असते. ती नदीत गेली की पाण्यातला प्राणवायू खाते. खळ निदान टाकीतले जिवाणू खातात. मीठ कुणीच खात नाही. ते काढायला आरओ लागतो, आरओतून उरलेलं खारट पाणी आटवायला बाष्पक लागतं, बाष्पकाला वाफ लागते, वाफेला कोळसा किंवा बगॅस, म्हणजे उसाची चिपाडं. आता मला सांग, तू जेवताना ‘नदी वाचवा’ म्हणालीस तेव्हा पप्पांच्या डोळ्यांसमोर नदी आली असेल की त्या बाष्पकाचं कोटेशन?

तिरुपूरची गोष्ट तुला शिकवली असेल, नसेल तर शिकून घे. तमिळनाडूतलं होजिअरीचं गाव, नोय्यल नदीवरचं. तिथल्या रंगाच्या पाण्यानं खालचं ओरत्तुपाळयम धरण इतकं भरलं की ज्यांच्या शेतीसाठी ते बांधलं त्याच शेतकऱ्यांना ते पाणी नकोसं झालं. प्रकरण कोर्टात गेलं, आदेश निघाले, पाळले गेले नाहीत. शेवटी जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं तिथली सगळी रंगकामाची युनिटं बंद करायला लावली. शेकडो युनिटं, एका फटक्यात. पुढे जी सुरू झाली ती थेंबही बाहेर सोडायचा नाही या अटीवर. मग ती मिठाचं पाणी गाळून पुन्हा रंगाला वापरायला शिकली. तोपर्यंत सगळे म्हणत होते की हे होऊच शकत नाही.

ही गोष्ट अर्धी सांगायची आपल्याकडे पद्धत आहे. चळवळीतले लोक ‘झालं की नाही शक्य’ इथे थांबतात. कारखानदार ‘किती युनिटं बुडाली’ इथे थांबतात. दोन्ही झालं. खर्च वाढला, लहान माणूस त्यात टिकला नाही, आणि काही जण अटी ढिल्या असलेल्या दुसऱ्या गावांना निघून गेले, म्हणजे त्यांनी दुसरी नदी धरली. तुमचं प्रोसेस हाऊस लहान आहे असं तू लिहिलंस. म्हणून तिरुपूर तू नीट, दोन्ही बाजूंनी वाचायला हवंस. कोर्टाचा दणका येतो तेव्हा तो मोठ्यांना आणि लहानांना सारखा लागत नाही. आणि तो येणार नाही असं पप्पांना वाटत असेल, तर ते कशाच्या भरवशावर, हा मात्र मुलीनं वडिलांना विचारायचाच प्रश्न आहे.

तर प्रोजेक्टचा विषय मी सुचवते: ‘एका प्रोसेस हाऊसमध्ये कापडाच्या मीटरमागे सांडपाण्याचा खरा खर्च’. घरचंच घे, नाव न घालता. गाईडला आणि पप्पांना, दोघांनाही आधी सांग की नाव येणार नाही.

तुमच्याकडे जॉब वर्क चालतं ना? ग्रे, म्हणजे न रंगवलेलं, कापड व्यापाऱ्याचं, तुम्ही रंग आणि फिनिशिंग देता, दर मीटरमागे ठरतो. दर पाच पैशांनी वाढवला तर व्यापारी शेजारच्याकडे गाडी वळवतो. आता बघ, तू वर्गात ‘वाढ थांबवा’ म्हणून भांडतेस, पण तुझ्या घरात दुखणं वाढीचं नाहीच. दर दाबला जाण्याचं आहे. त्या पैशांच्या ओढाताणीत पहिला बळी ब्लोअरचा जातो, कारण कापडाचा रंग कच्चा निघाला तर व्यापारी पैसे कापतो आणि पाण्याचा रंग कच्चा राहिला तर कुणीच कापत नाही. दर दाबणारा माणूस काळ्या ओढ्यापासून लांब राहतो. त्याच्या वर आणखी एक मोठा ब्रँड असेल तर तो आणखी लांब. प्रोजेक्टमध्ये हे अंतर रुपयांत मांडता आलं तर तुझे सरसुद्धा खुर्चीत सावरून बसतील.

कसं करायचं ते फार गुंतागुंतीचं नाही. बारा महिन्यांचे मीटर, म्हणजे कापडाचे, एका रकान्यात. ईटीपीचे विजेचे युनिट दुसऱ्यात. रसायनं, गाळ उचलायचा खर्च, सामायिक प्रक्रिया केंद्राला काही भरत असाल तर ते. मग ब्लोअर चोवीस तास चालला असता तर किती आलं असतं ते काढ, आणि मीठ परत वापरायची सोय केली तर किती, ते पप्पांनी मागवलेल्या कोटेशनवरून. मागवलेलं असणारच, प्रत्येक कारखानदाराच्या खणात असतं. शेवटी एकच आकडा: मीटरमागे किती पैसे जास्त. तो चाळीस पैसे निघतो की चार रुपये, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. चाळीस पैसे असेल तर एकट्या तुमच्या प्रोसेस हाऊसला व्यापाऱ्याशी बोलता येणार नाही, पण गावातल्या सगळ्यांनी मिळून बोलता येईल. चार रुपये असेल तर ‘ईटीपी चालवा’ असं म्हणणाऱ्या प्रत्येक भाषणाला तुझ्याकडे एक अवघड प्रश्न असेल.

आणि आठ दिवस ईटीपीवरच्या माणसाजवळ बस. रात्रपाळीला सुद्धा. तुमच्या घरात त्याचं नाव कुणाला माहीत आहे का, ते आधी बघ. कारखान्यात सगळ्यात कमी पगाराच्या माणसाला तिथे बसवतात आणि नदी त्याच्या भरवशावर सोडतात.

आता अवघड भाग. आकडे जुळले नाहीत तर? मीटर जर तेच सांगायला लागला जे मला सांगत होता, तर? तू ते प्रोजेक्टमध्ये घालून मोकळी होऊ नकोस, आणि ‘इतर’मध्येही घालू नकोस. पप्पांना सांग. एकट्याला, काका नसताना, जेवणाच्या वेळी तर अजिबात नाही. ऑफिसात, त्यांच्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसून, तक्ता पुढे ठेवून. त्यांना एक वर्ष दे. वर्षानं काही हललं नाही तर त्या ऑफिसात तू कधी बसणार नाहीस हे त्यांना सरळ सांग, आणि मग खरंच बसू नकोस. हे कठोर वाटेल. पण मी त्या साहेबांना असं काही सांगितलं असतं तर बहुधा माझी नोकरी गेली असती. तुझे पप्पा तुला नोकरीवरून काढू शकत नाहीत, ही तुझी केवढी मोठी सोय आहे याचा तू विचारच केलेला दिसत नाही.

वर्गाबद्दल. सरांवर फार रागावू नकोस. त्यांच्या डोक्यावर प्लेसमेंटचा आकडा आहे, पुढच्या वर्षीच्या माहितीपत्रकात तो छापायचा असतो. आपल्याकडे पर्यावरण शिकवायचं असंच चालत आलंय. वकील एम. सी. मेहतांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं १९९१ साली सांगितलं, हा विषय शिकवा. पदवीला तो सक्तीचा व्हायला पुढची बारा वर्षं गेली. आणि झाला तेव्हा झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रोजेक्ट मिळायला लागले, बाइंडिंगसकट. माझ्या भाचीनं ‘ओझोनचा थर’ आणला होता, त्यात आतल्या पानावर दुसऱ्याच मुलीचा रोल नंबर. दोघींना सारखेच मार्क मिळाले.

म्हणून मला वाटतं तू प्रश्न चुकीच्या तासाला विचारतेस. शाश्वततेच्या ऐच्छिक तासाला ‘वाढ का?’ विचारणं म्हणजे देवळात जाऊन देवाचं नाव घेणं. तिथे ते चालतंच, आणि म्हणूनच कुणाला काही होत नाही. फायनान्सच्या तासाला विचार. तुम्हाला भविष्यातले पैसे आजच्या किमतीत आणायला शिकवलंय ना, बारा टक्के दरानं? आकडा घालून बघ. तीस वर्षांनी होणारं १०० रुपयांचं नुकसान त्या दरानं आज ३ रुपये ३४ पैशांचं दिसतं. म्हणजे तुझी मुलगी जेव्हा तुझ्या वयाची होईल तेव्हाची नदी आजच्या प्रकल्प अहवालात एका कटिंग चहाच्या किमतीची सुद्धा नाही. सरांना विचार, हा बारा टक्के दर कुणी ठरवला, नदीला तो का लागू करायचा, आणि चार टक्के घेतला तर उत्तर किती बदलतं. (३० रुपये ८३ पैसे. मी काढून ठेवलंय.) या प्रश्नाला तुला कुणी ग्रेटा म्हणणार नाही. फार तर आगाऊ म्हणतील, आणि नंतर तुझी वही मागतील.

हे करणारी तू पहिली नाहीस. जे. सी. कुमारप्पा नावाचे गृहस्थ होते, तंजावरकडचे. लंडनला जाऊन हिशेबतपासनीस झाले, मुंबईत स्वतःची फर्म काढली, सुटाबुटात राहायचे. मग अमेरिकेत सिरॅक्यूजला बिझनेस ॲडमिनिस्ट्रेशन शिकायला गेले, म्हणजे तुझाच अभ्यासक्रम म्हण ना, १९२८ ची पदवी. तिथून कोलंबियाला. भारत गरीब का, यावर त्यांनी एक व्याख्यान दिलं, त्याची बातमी त्यांच्या प्राध्यापकांनी, सेलिग्मननी, वाचली आणि सांगितलं, प्रबंधाला हाच विषय घे. कुमारप्पांनी सरकारी जमाखर्च उघडला आणि कर कुणाकडून येतो, खर्च कुणावर होतो हे आकड्यांत मांडलं. आकडे मांडता मांडता माणूसच बदलला. १९२९ साली ते साबरमतीला गांधींना भेटले, गांधींनी तो प्रबंध ‘यंग इंडिया’त क्रमशः छापला आणि त्यांना गुजरातमधल्या मातर तालुक्यात गावांची आर्थिक पाहणी करायला पाठवलं, विद्यापीठाची पोरं बरोबर देऊन. पुढे वर्ध्याला मगनवाडीत त्यांनी ग्रामोद्योग संघ चालवला. टिकाऊ अर्थव्यवस्था म्हणजे काय, यावर हा हिशेबनीस १९४० च्या दशकात लिहीत होता, जगात ‘शाश्वत विकास’ हा शब्द चलनात यायच्या कितीतरी आधी. तुमच्या अभ्यासक्रमात ते आहेत का? मला शंका आहे. एकदा मगनवाडी बघून ये, वर्धा लांब पडलं तरी.

कुमारप्पांचं मला आवडतं ते एवढंच, की त्यांनी आपली विद्या फेकून दिली नाही. तीच वापरली. म्हणून एमएस्सीचं माझं उत्तर नाही असं आहे. जिवाणूंना किती हवा लागते हे सांगणारी माणसं आपल्याकडे आहेत, चांगली आहेत. त्यांचा आकडा ताळेबंदात कुठल्या ओळीत लिहायचा हे सांगणारी कमी आहेत. पदवी पूर्ण कर. नंतर वाटलंच तर पाण्याच्या रसायनाचा एखादा छोटा अभ्यासक्रम कर, तुझे पप्पा तुला त्यातलं निम्मं फुकट शिकवतील.

राहिली ऑफर. तो अहवाल काय असतो हे तुला ठाऊक आहे. सेबीनं शेअर बाजारातल्या पहिल्या एक हजार कंपन्यांना २०२२-२३ पासून तो सक्तीचा केला. त्यात कंपनीनं स्वतः जाळलेलं इंधन आणि विकत घेतलेली वीज यांचा हिशेब द्यावा लागतो. पुरवठा साखळीतल्या उत्सर्जनाचा, तुम्ही ज्याला स्कोप ३ म्हणता त्याचा, रकाना ऐच्छिक आहे. आता विचार कर. एखाद्या मोठ्या तयार कपड्यांच्या कंपनीचा अहवाल तुझ्या टेबलावर येईल. मुख्य कार्यालयातले एलईडी दिवे, कागदाची बचत, दोन टक्के सामाजिक निधीतून लावलेली झाडं, सगळं रंगीत पानांवर. आणि त्या शर्टाचं कापड ज्या गावात रंगलं ते गाव त्या अहवालाच्या हद्दीबाहेर. म्हणजे तुझं घर हद्दीबाहेर. ते पान तू किती दिवस निमूटपणे लिहू शकशील हे तूच जाण.

तरी मी नोकरी घेऊच नको असं म्हणणार नाही. हद्द कुठे आखतात आणि कोण आखतं, हे आत बसल्याशिवाय कळत नाही, आणि वर्षा-दोन वर्षांत जे शिकशील ते पुढे पन्नास भाषणांतून मिळणार नाही. फक्त शेवटच्या मुलाखतीत एक प्रश्न तू विचार. सरांनी नको म्हटलंय तरी विचार, पण गोड आवाजात: ‘अहवालात बसत नाही असा आकडा क्लायंटकडे सापडला, तर आपण काय करतो?’ उत्तरादाखल त्यांनी एखादा खरा प्रसंग सांगितला तर जा. चहा मागवला तर जाऊ नकोस म्हणणारी मी पहिली.

विषय महिनाअखेर द्यायचाय म्हणतेस, म्हणजे वेळ थोडा आहे. तर आज रात्रीच पप्पांना फोन कर, साडेनऊनंतर, फॅक्टरीतून येऊन त्यांचं जेवण झाल्यावर. ते ‘जेवलीस का’ विचारतील. हो म्हण. मग नदी, ओढा, प्रदूषण यातला एकही शब्द न काढता एवढंच विचार, की पप्पा, आपल्या ईटीपीचं महिन्याचं लाइट बिल किती येतं?

तुझी,
ताई